भुताच्या गावची धून

मुलांनो, आज एक भीतीची गोष्ट! ती मी दोनदा सांगणार आहे. एकदा जशी कानोकान फिरते तशी, आणि एकदा नीट तपासून. पहिली ऐकून पान मिटू नका बरं का. अर्धी गोष्ट ऐकून जो पळतो, त्याच्याच मागे भूत लागतं!

तर ऐका.

जपानमध्ये १९९६ साली पोकेमॉनचा पहिला व्हिडिओ गेम निघाला. त्या गेममध्ये फिरता फिरता एक गाव लागतं, लॅव्हेंडर टाऊन. गाव कसलं, उदासवाणी वस्तीच ती. तिथे एक उंच मनोरा आहे आणि त्या मनोऱ्यात मेलेल्या पोकेमॉनना पुरलेलं आहे. गावात पाऊल टाकलं की एक धून सुरू होते. टिंग... टिंग... टिंग... बारीक, टोचणारी. ती धून ऐकून म्हणे जपानमधल्या मुलांची डोकी दुखू लागली, नाकातून रक्त आलं, रात्र रात्र झोप लागेना. कुणी सांगतं शंभर मुलं, कुणी सांगतं दोनशे. काही मुलं तर म्हणे जिवाला मुकली. त्या धुनेत असा एक सूर लपवला होता की तो फक्त मुलांनाच ऐकू येतो, मोठ्या माणसांना येत नाही. मग म्हणे कंपनीने गुपचूप धून बदलली आणि सगळं प्रकरण दाबून टाकलं!

झाली गोष्ट. अंगावर काटा आला ना? गोष्ट आहेच तशी. पण त्यात 'म्हणे' हा शब्द किती वेळा आला, ते मोजलंत का? नसेल तर पुन्हा वाचा आणि मोजा. मी थांबते.

मोजून झालं? चला, आता दुसऱ्यांदा सांगते.

यात खरं काय आहे ते आधी पाहू. गेम खरा आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानमध्ये विक्रीला आला. लाल आणि हिरवी अशा त्याच्या दोन कॅसेटी होत्या आणि तो 'गेमबॉय' नावाच्या, हातात मावणाऱ्या करड्या यंत्रावर खेळायचा. लॅव्हेंडर टाऊन हे गावही खरं, म्हणजे गेममध्ये खरं. जपानी गेममध्ये त्याचं नाव आहे शिऑन. तिथला मनोरा, थडगी, भुतं सगळं आहे. धून तर आहेच. ती जुनिची मासुदा या संगीतकाराने बांधली. बिचाऱ्या गेमबॉयला एका वेळी चारच आवाज काढता यायचे. तबला, पेटी, बासरी काही नाही. त्या चार आवाजांत मासुदांना प्रत्येक गावाचा वेगळा रंग दाखवायचा होता. थडग्यांच्या गावाची धून त्यांनी उदास आणि जराशी खुपणारी केली. ऐकणाऱ्याला कसंसंच वाटावं, हाच त्यांचा हेतू होता. तुम्हाला कसंसंच वाटलं असेल, तर संगीतकार पास झाला!

आता राहिली आजारी मुलं. ती कुठे आहेत? १९९६ साली जपानमध्ये शंभर-दोनशे मुलं एका गेममुळे आजारी पडली असती, तर कुणाला तरी कळलं असतं ना? डॉक्टरांनी लिहून ठेवलं असतं, वर्तमानपत्रांनी छापलं असतं, पालकांनी दुकानात जाऊन भांडणं केली असती. तसं काहीच घडलं नाही. ही गोष्ट पसरली ती २०१० च्या सुमारास, इंटरनेटवर. म्हणजे गेम निघाल्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी! इतकी वर्षं एकाही आजारी मुलाचा पत्ता नाही, आणि मग एकदम शंभर-दोनशे. गणित जुळतंय का? नाही जुळत.

"पण बाई, कंपनीने प्रकरण दाबलं ना!" तुमच्यातला एखादा हुशार लगेच हात वर करील. बरोबर आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचं उत्तरही जपानमध्येच आहे. कारण त्यानंतर दीडएक वर्षाने पोकेमॉनमुळे मुलं खरोखरच आजारी पडली होती. आणि ते प्रकरण कुणालाही दाबता आलं नाही.

ती तारीख होती १६ डिसेंबर १९९७. वार मंगळवार, वेळ संध्याकाळी साडेसहाची. टीव्ही टोकियो या वाहिनीवर पोकेमॉनच्या कार्टून मालिकेचा ३८ वा भाग लागला होता. घरोघरी मुलं टीव्हीसमोर बसली होती. त्या भागात ॲश आणि त्याची मित्रमंडळी पोरीगॉन नावाच्या पोकेमॉनबरोबर चक्क संगणकाच्या आत शिरतात. तिथे त्यांच्यावर क्षेपणास्त्रं येतात. पिकाचू वीज सोडतो आणि मोठा स्फोट होतो. तो स्फोट दाखवण्यासाठी पडदा लाल-निळा, लाल-निळा असा लखलखत राहिला. सेकंदाला सुमारे बारा वेळा, आणि असा काही सेकंद.

तेवढ्याने घात केला. काही मुलांना फिट आल्या, काहींना भोवळ आली, काहींना उलट्या झाल्या. ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. ३१० मुलगे आणि ३७५ मुली. बघा, खऱ्या घटनेत आकडा कसा नेमका असतो! सुदैवाने कुणाचाही जीव गेला नाही आणि बहुतेक मुलं लवकरच बरी झाली. पण गाजावाजा असा झाला की जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. मालिका चार महिने बंद राहिली आणि १६ एप्रिल १९९८ रोजी पुन्हा सुरू झाली. तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. लखलखाट किती आणि कसा दाखवायचा, याचे नियम जपानी वाहिन्यांनी ठरवले. आजही तिकडच्या कार्टूनच्या सुरुवातीला सूचना येते की खोलीत दिवा लावा आणि टीव्हीपासून लांब बसा. आणि हो, गंमत म्हणजे वीज सोडली पिकाचूने, पण त्यानंतर मालिकेतून जवळजवळ हद्दपार झाला तो गरीब पोरीगॉन! शाळेतही कधी कधी असंच होतं, नाही का?

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीकडे ६८५ मुलांची घटना, अख्ख्या जगाने वाचलेली. दुसरीकडे शंभर-दोनशे मुलांची गोष्ट, त्या काळात कुणीच न ऐकलेली. शिवाय खऱ्या घटनेत दोष होता प्रकाशाचा. सुरांचा त्यात काही संबंध नव्हता. पण पोकेमॉन, जपान, आजारी मुलं एवढं लोकांच्या डोक्यात राहिलं आणि बाकीचं धूसर झालं. टीव्हीच्या जागी गेम आला, उजेडाच्या जागी धून आली, १९९७ च्या जागी १९९६ आलं. अफवा अशीच तयार होते. पार हवेतून ती क्वचितच येते. खऱ्या घटनेचा एखादा तुकडा तिच्या पोटात असतो. म्हणून तर ती खरी वाटते.

आता त्या 'लपवलेल्या सुरा'कडे वळू. मुलांना ऐकू येतात आणि मोठ्यांना येत नाहीत, असे आवाज असतात का? असतात! लहान मुलांच्या कानांना सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे बारीक आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. वय वाढतं तसे वरचे वरचे सूर ऐकू येईनासे होतात. याचा फायदा घेऊन ब्रिटनमध्ये २००५ साली हॉवर्ड स्टेपल्टन यांनी एक यंत्र काढलं. नाव 'मॉस्किटो', म्हणजे डास. दुकानांसमोर टोळकं करून उभ्या राहणाऱ्या मोठ्या मुलांना हाकलायला ते सुमारे १७,४०० हर्ट्झचा आवाज काढायचं. मुलं वैतागून निघून जायची आणि मोठ्या गिऱ्हाइकांना पत्ताही लागायचा नाही. पण मुलं काय कमी असतात? पुढच्याच वर्षी तोच आवाज मुलांनी मोबाइलची घंटी म्हणून लावला, वर्गात वाजला तरी शिक्षकांना ऐकू जाऊ नये म्हणून! (हे वाचून कुणाच्या डोक्यात कल्पना आली असेल, तर ती तिथेच राहू द्या.) सांगायचा मुद्दा असा, की बारीक आवाजाने मुलं वैतागली, पण कुणाच्या जिवावर बेतलं नाही. आणि लॅव्हेंडर टाऊनची धून तर तुमच्या आजोबांनाही ऐकू येईल. जुन्या जपानी कॅसेटी आजही लोकांनी जपून ठेवल्या आहेत. मूळ धून कुणालाही ऐकता येते आणि रोज कितीतरी माणसं ती ऐकतातही. इंग्रजी गेम १९९८ मध्ये आला, त्यात ती जराशी वेगळी लागते हे खरं. पण पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत दोन शब्द इकडचे तिकडे झाले, म्हणून कुणी जुन्या आवृत्तीत विष होतं म्हणत नाही.

काही जण आणखी शास्त्रीय भाषेत सांगतात. म्हणे एका कानात एक सूर आणि दुसऱ्या कानात किंचित वेगळा सूर सोडला की मेंदू बिघडतो. यातही खऱ्याचा तुकडा आहेच. समजा, डाव्या कानात ४४० हर्ट्झचा सूर वाजतोय आणि उजव्या कानात ४४४ चा. तर ऐकणाऱ्याला सेकंदाला चार अशी एक लाट भासते. वँव... वँव... वँव... एकोणिसाव्या शतकात हाइनरिश डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने हे शोधलं. याच्या जवळचा प्रकार आपल्याकडे तंबोऱ्यात ऐकू येतो. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोडीच्या तारा म्हणतात. दोन्ही षड्जात लावायच्या असतात. त्यात किंचित फरक राहिला की तशीच लाट ऐकू येते. तारा जुळत आल्या की लाट मंद होते आणि पूर्ण जुळल्या की नाहीशी होते. आपल्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनवणारी घराणी आहेत. त्यांच्या कानांवर ही लाट रोज पडते. तिने मेंदू बिघडत असता, तर मिरजेतून एकही सुरेल तंबोरा बाहेर पडला नसता!

मग काहीजणांचं डोकं खरंच दुखतं, त्याचं काय? गोष्ट वाचून, मग धून ऐकून "माझं डोकं दुखलं" म्हणणारी मुलं असतात. ती खोटं बोलतात का?

इथे एक छोटासा प्रयोग करू. समजा, तुमच्या बाकावरच्या मित्राच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. बारीक, काळ्या, केसांतून सुळसुळ फिरणाऱ्या. त्याचं डोकं तुमच्या डोक्याला आत्ताच लागलं...

काय झालं? खाजलं ना डोकं? खरं सांगा! या पानातून तुमच्या केसांत एकही ऊ आलेली नाही. पण खाज खरी होती. मनाने अपेक्षा केली आणि शरीराने ती पुरी केली. डॉक्टरांच्या भाषेत याला 'नोसिबो' म्हणतात. त्रास होणार असं मनाने घेतलं की त्रास होतो. जपानच्या त्या १९९७ च्या घटनेतही याचा हात होता. बेंजामिन रॅडफर्ड आणि रॉबर्ट बार्थोलोम्यू या दोन अभ्यासकांनी २००१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की काही मुलांना लखलखाटाने खरीच फिट आली, पण पुष्कळ मुलांची डोकेदुखी आणि मळमळ भीतीने आलेली असावी. एकाचं पाहून दुसऱ्याला, बातम्या ऐकून तिसऱ्याला.

म्हणून माझं एक सांगणं आहे, आणि आजच्या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं सांगणं हेच. अफवा खोटी असली, तरी तिने दिलेला त्रास खरा असतो. धून कुणाला आजारी पाडत नाही. पण "ही धून ऐकलीस तर मरशील" असं तुम्ही लहान भावाला रात्री सांगितलंत, तर त्याची झोप नक्की उडेल. त्याचं पोट दुखेल. तो एकटा बाथरूमला जाणार नाही. म्हणजे मुलांना त्रास कशाने झाला? धुनेने, की धुनेची गोष्ट पसरवणाऱ्याने? विचार करा.

मग काय, भुताखेतांच्या गोष्टी सांगायच्याच नाहीत? छे, छे! सांगा की! भीतीच्या गोष्टीत मजा असते. तानसेनाची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. अकबराच्या दरबारात त्याने दीपक राग गायला, दिवे आपोआप पेटले आणि त्याच्याच अंगाची आग होऊ लागली. मग मेघमल्हाराने पाऊस पाडला तेव्हा कुठे तो शांत झाला. संगीताची थोरवी सांगणारी किती सुंदर कथा! तिला आपण आख्यायिका म्हणतो. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की ही कथा आहे. अफवा मात्र बातमीचे कपडे घालून येते. साल सांगते, देश सांगते, आकडा सांगते, आणि वर "कुणाला सांगू नका, दाबून टाकलंय" असंही सांगते. आख्यायिका सांगणारा म्हणतो, "ऐक, गोष्ट सांगतो." अफवा सांगणारा म्हणतो, "अरे, खरंच झालंय!" फरक आला का लक्षात?

आणि संगीताला घाबरणं हे काही आजचं नाही. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ साली एक वाद्य बनवलं. आपल्या जलतरंगात पाण्याच्या वाट्यांवर काठीने वाजवतात ना, तसं यात फिरणाऱ्या काचेच्या वाट्यांच्या कडेवर ओलं बोट टेकवून वाजवायचं. फार गोड, तरंगता आवाज. मोझार्टसारख्या थोर संगीतकाराने १७९१ मध्ये त्या वाद्यासाठी रचना केली. पण पुढे युरोपात बोलवा उठली की हे वाद्य ऐकून माणसं वेडी होतात! आणि ज्याने ते बनवलं आणि स्वतः वाजवलं, तो फ्रँकलिन? तो ८४ वर्षं जगला, आणि अखेरपर्यंत त्याचं डोकं शाबूत होतं. यंत्रं बदलतात, वाद्यं बदलतात, भीती तीच राहते.

आता म्हणाल, म्हणजे कशालाच घाबरायचं नाही? तसं नाही हं. ज्याला घाबरायला हवं, त्याला जरूर घाबरा. दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, आवाजाची पट्टी. सूर कुठलाही असो, तो फार मोठ्याने आणि फार वेळ ऐकला की कान बिघडतात. आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे पंधरा हजार इवल्याइवल्या केसपेशी असतात. त्या आवाज ओळखून मेंदूला कळवतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. दुधाचे दात पडले की नवे येतात, तसं इथे होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मुलांनी ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. त्यापुढे आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. आणखी ३ ने वाढला की पुन्हा निम्मा. वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून नाचणाऱ्यांनी हे गणित घरी सोडवून पाहावं! कानात बोंडं घालून गेम खेळत असाल आणि शेजारी बसलेल्या ताईची हाक ऐकू येत नसेल, तर समजा आवाज जास्त झाला. लॅव्हेंडर टाऊनची धून असो की आरती, कानाला दोन्ही सारखीच.

दुसरी गोष्ट, लखलखणारा उजेड. सुमारे चार हजार माणसांत एखाद्याला अशा उजेडाने फिट येऊ शकते, आणि मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण जास्त असतं. म्हणून खोलीत अंधार करून, पडद्याला नाक लावून गेम खेळू नका. पडदा फार लखलखू लागला आणि कसंसंच वाटलं, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान दुसरीकडे वळवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, उजेड पापण्यांतूनही आत जातो.

आणि शेजारी कुणाला फिट आलीच, तर? इथेही एक अफवा ठाण मांडून बसली आहे. लोक धावत जाऊन चप्पल हुंगवतात, कांदा नाकाशी धरतात, तोंडात चमचा घालतात. यातलं काहीही करू नका. चपलेने आणि कांद्याने फिट थांबत नाही. ती बहुधा आपोआप थांबते आणि श्रेय मात्र चपलेला मिळतं! चमच्याने तर दात तुटतात. त्या माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. टोकदार वस्तू बाजूला करा. हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. तुम्ही मुलं असलात तरी हे सांगू शकता. मोठी माणसं गोंधळलेली असतात तेव्हा शांतपणे सांगणारं मूल फार मोलाचं असतं.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मुलांनो, हा भाग त्यांना वाचून दाखवा.

पालकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते. कॅसेट चालली नाही की तुम्ही काय करायचात? बाहेर काढून तिच्यात जोरात फुंकर मारायचात! आणि ती चालायची. खरं तर कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे ती चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट आतले धातूचे पट्टे खराब व्हायचे. पण आपल्या अख्ख्या पिढीने फुंकर मारली, कारण शेजारच्या दादाने तसं सांगितलं होतं. तेव्हा मुलं अशा गोष्टींवर विश्वास ठेवतात म्हणून त्यांना हसू नका. मुलगी म्हणाली, "ते गाणं ऐकून माझं डोकं दुखतंय," तर "नाटकं करू नकोस" म्हणू नका. दुखणं खरं असू शकतं, कारण वेगळं असतं. तिच्याशेजारी बसा. दिवसाउजेडी, हळू आवाजात ती धून दोघं मिळून ऐका. मग विचारा, "हे कुणी पाहिलं? कधी झालं? कुठे छापून आलं?" बंदी घातलीत, तर भूत आणखी मोठं होईल. सोबत बसलात, तर ते पळून जाईल. आणि "मुलांना सावध करा" असा निरोप तुमच्या मोबाइलवर आला, तर पुढे ढकलण्याआधी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारा. मुलं तुमचा अंगठा बघत असतात!

बरं मुलांनो, या आठवड्याचा खेळ सांगते. दहा-पंधराजण गोल बसा आणि कानगोष्टी खेळा. पहिल्याने हे वाक्य पुढच्याच्या कानात सांगायचं: 'जपानमध्ये १९९७ साली टीव्हीवरचा लखलखाट पाहून ६८५ मुलांना रुग्णालयात नेलं, पण सगळी वाचली.' एकदाच सांगायचं, पुन्हा विचारायचं नाही. शेवटच्याच्या कानात काय पोचलं, ते फळ्यावर मूळ वाक्याखाली लिहा. आकडा टिकला का? साल टिकलं का? 'सगळी वाचली' हे टिकलं का? कुठला शब्द गळला आणि कुठला नवा घुसला, ते खुणा करून ठेवा आणि वहीत उतरवून मला पाठवा.

माझा अंदाज सांगू? 'सगळी वाचली' हे शब्द आधी गळतील. बघू या, माझा अंदाज चुकवून दाखवता का!